पित्याने मागे ठेवलेली वीट

मनुष्य रित्या हाताने जन्मास येतो असे आपण म्हणतो. परंतु शास्त्रकारांचे म्हणणे वेगळे आहे. तो तीन ऋणे डोक्यावर घेऊनच येतो, असे ते सांगतात. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. यज्ञाने, आणि आम्हां वारकऱ्यांच्या रीतीने म्हणाल तर नामस्मरणाने, देवाचे ऋण फिटते. अध्ययनाने ऋषींचे फिटते. पित्याचे ऋण मात्र प्रजेने फिटते, असे सांगितले आहे. म्हणजे काय झाले पाहा. बापाचे देणे बापाला परत करायचेच नाही. ते पुढे आपल्या लेकरांना द्यायचे. ही तिसऱ्या ऋणाची रीत मोठी विलक्षण आहे, आणि तिचाच थोडा विचार सज्जन वाचकांपुढे मांडावा असे मनात आहे.

ज्या बापाने लेकराला मांडीवर घेतले, बोट धरून देवळात नेले, आजारपणात उशाशी रात्र काढली, त्याचे ऋण कोणासही कळते. ते डोळ्यांना दिसते. पण जो बाप लेकराच्या वाढत्या वयात घरी नव्हताच, त्याचे ऋण कोणते? त्याने आपले कर्तव्य चोख केले असेल, परंतु ते घरापासून दूर. अशा पित्याला प्रेमळ म्हणावे काय? आणि तो गेल्यावर त्याचे स्मरण करायचे ते नेमके कशाचे?

कोकणपट्टीला हा प्रश्न नवा नाही. शिवछत्रपतींनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि मराठ्यांचे आरमार उभे राहिले. त्या आरमाराच्या गलबतांवर कोकणातलीच माणसे होती. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या हाताखाली तीच माणसे लढली. मुंबईतील नौदलाच्या एका तळाला आजही 'आंग्रे' हेच नाव आहे. इंग्रजी अमदानीतही कोकणची पोरे नौदलात जात, आणि १९५० साली देश प्रजासत्ताक होऊन ते भारतीय नौदल झाले तेव्हाही जात राहिली. पुरुष समुद्रावर, नाहीतर मुंबईच्या गिरणीत. बायकामुले गावी, मनिऑर्डरची वाट पाहत. पिढ्यान्‌पिढ्या हे असे चालले. तेव्हा हा प्रश्न एका घराचा नाही, हजारो घरांचा आहे.

आमच्या दिंडीत असे एक वृद्ध वारकरी होते. सगळे त्यांना आबा म्हणत. रत्नागिरी जिल्ह्यातले. मिसरूड फुटण्याच्या वयात नौदलात गेले आणि चीफ पेटी ऑफिसर होऊन निवृत्त झाले. काम सिग्नलमनचे, म्हणजे एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला निशाणांच्या आणि दिव्यांच्या खुणांनी निरोप पोचवायचे. निवृत्त झाल्यावर ते वारीला लागले आणि दिंडीत त्यांच्या खांद्यावर पताका आली. "हातातलं निशाण सुटलं नाही, महाराज, नुसता धनी बदलला," असे ते हसून म्हणत. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या वेळी आबांकडे पाहावे. पाठ ताठ, नजर दंडावर. जहाजावरच्या शिट्टीला उभा राहणारा खलाशीच तो.

आबा गेले. वर्षश्राद्धाच्या दिवशी आमचे कीर्तन होते. कीर्तन आटोपले, पंगती उठल्या, आणि त्यांचा मुलगा जवळ येऊन बसला. मुलगा म्हणजे तेही आता साठीचे गृहस्थ. हळूच म्हणाले, "महाराज, रागावणार नसाल तर एक विचारतो. आज सगळे म्हणाले, आबा मोठे प्रेमळ बाप होते. पण माझ्या लहानपणी आबा म्हणजे वर्षातून दोन महिने रजेवर येणारा पाहुणा. आजी गेली तेव्हा ते समुद्रात. ताईच्या लग्नात अक्षता टाकायला ते नव्हते. मी तापानं फणफणलो, तर आई एकटी उशाशी. देशाची सेवा केली, खरं आहे. पण आमचं काय? मी श्राद्ध करतो ते नुसतं रीत म्हणून, की त्यात काही श्रद्धा आहे, हेच मला कळत नाही."

वाचकहो, हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. श्राद्ध हा शब्दच मुळी श्रद्धेवरून आला आहे. जे श्रद्धेने दिले जाते ते श्राद्ध. तेव्हा श्रद्धेचा शोध घेऊन मग पिंडाला हात लावू पाहणारा मुलगा, न विचारता उरकून टाकणाऱ्यापेक्षा धर्माच्या अधिक जवळ आहे असे आम्ही समजतो.

अशा प्रश्नाला दोन सोपी उत्तरे नेहमी तयार असतात. पहिले, "अहो, त्यांनी देशासाठी केले, मग घरच्यांनी तक्रार कशाची करायची?" दुसरे, "पैसा तर वेळेवर पाठवला ना? मग झाले!" ही दोन्ही उत्तरे आम्हांस पटत नाहीत. देश मोठा, यात शंका नाही. परंतु मोठ्या कर्तव्याचे नाव घेतले की धाकटे कर्तव्य आपोआप फिटते, असे आमच्या संतपरंपरेत कोणी सांगितलेले नाही. उलट याविरुद्धचा दाखला आमच्या घरातच आहे.

विठ्ठलपंतांची कथा आठवा. आपेगावचे विठ्ठलपंत, आळंदीच्या सिधोपंतांचे जावई. वैराग्य उत्पन्न झाले म्हणून घर सोडून काशीस गेले आणि संन्यास घेतला. देशापेक्षाही मोठे कारण, प्रत्यक्ष मोक्षाचे. पण मागे आळंदीत रुक्मिणीबाई वाट पाहत अश्वत्थाला प्रदक्षिणा घालीत राहिल्या. गुरू तीर्थयात्रेच्या वाटेवर आळंदीस आले, त्या माउलीची हकीगत त्यांना कळली, आणि त्यांनी विठ्ठलपंतांना संन्यासातून परत संसारात पाठवले. गुरूंनी असे का केले असेल? वैराग्य वाईट म्हणून खास नव्हे. वाट पाहणारे माणूस मागे ठेवून, त्याची व्यवस्था न लावता, त्याच्या मनाचे समाधान न करता गेलेला मनुष्य देवाकडे गेला तरी पुरता पोचत नाही, हे त्यांनी जाणले म्हणून. त्या परत येण्याची केवढी किंमत विठ्ठलपंतांना आणि त्यांच्या चारही लेकरांना मोजावी लागली, हे वारकऱ्यांना सांगायला नको.

तात्पर्य, दूर जाणे हा दोष नाही. पण केवळ मोठ्या कारणासाठी गेला एवढ्याने जाणारा निर्दोषही ठरत नाही. मग निर्णय कशावर करायचा? आमच्या मते, त्याने मागे काय ठेवले यावर. हे समजण्यासाठी पुंडलिकाकडे जावे लागेल.

पुंडलिक म्हणजे आईबापांची सेवा, एवढे मुलांनाही ठाऊक असते. आरंभी आईबापांची हेळसांड करणारा हा मुलगा, कुक्कुट ऋषींच्या आश्रमात डोळे उघडल्यावर असा पालटला की प्रत्यक्ष भगवंत दारी आला तरी सेवेतून उठला नाही. भगवंताला त्याने उभे केले. ही गोष्ट सांगताना आपण सेवेवर थांबतो. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आहे वीट. पुंडलिकाने भगवंताला नुसते "थांब" म्हटले नाही. खाली चिखल होता. ज्याला थांबवले त्याचे पाय चिखलात राहू नयेत म्हणून त्याने वीट पुढे केली. वीट म्हणजे वचन. "मी सेवेत आहे, आता येऊ शकत नाही, पण तू माझ्या ध्यानात आहेस, आणि तुला उभे राहायला ही जागा." पुंडलिकाने वीट टाकली नसती तर काय झाले असते? सेवा तेवढीच मोठी राहिली असती, पण देव चिखलात तिष्ठत राहिला असता.

आता हाच प्रसंग खलाशाच्या घरात पाहा. पुंडलिक घरात बसला होता आणि देव दारात उभा होता. खलाशी दूर सेवेत असतो आणि दारात त्याची बायको, त्याचे लेकरू उभे असते. थांबवले गेलेले कोण, तर घरचे. आणि वाट पाहणाऱ्याच्या ठिकाणी विठ्ठल पाहावा, ही तर पंढरपूरची पहिली शिकवण. अठ्ठावीस युगांची वाट पाहणे ज्याच्या मूर्तीतच आहे, तो देव वाट पाहणाऱ्या आईच्या रूपाने कोकणातल्या उंबऱ्यावर उभा असतो, असे म्हटले तर त्यात वावगे काय? म्हणून दूर असलेल्या बापाला विचारायचा प्रश्न एकच. बाबा, तू ज्यांना उभे करून गेलास, त्यांच्या पायांखाली वीट ठेवलीस का?

आम्ही आबांच्या मुलाला हेच विचारले, पण वेगळ्या शब्दांत. म्हटले, "आबा घरी नसताना तुम्ही काय करीत होता?" ते थोडे गोंधळले. मग बोलू लागले.

"पत्राची वाट पाहत होतो. आबांचा नेम होता, दर एकादशीला पत्र लिहायचं. जहाजावर उपवास जमायचा की नाही देव जाणे, पण पत्र चुकायचं नाही. बंदर येईल तेव्हा ते टपालात पडायचं. आम्ही इथून मुंबईच्या फ्लीट मेल ऑफिसच्या पत्त्यावर उलट पत्र टाकायचो. आई दिवा लावून पत्र मोठ्यानं वाचायची. १९७१ च्या लढाईत आबा विक्रांतवर, बंगालच्या उपसागरात. त्या डिसेंबरात एका एकादशीचं पत्र आलंच नाही. मी सहा वर्षांचा. आई काही बोलली नाही, पण रोज पोस्टमन जाईपर्यंत उंबऱ्यावर उभी राहायची. १६ तारखेला लढाई थांबली, आणि मग एकदम दोन पत्रं आली. आई तेव्हा रडली."

येथे वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. त्या युद्धात आपल्या विक्रांत या विमानवाहू नौकेच्या शोधात पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी बंगालच्या उपसागरात आली होती. ३ आणि ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री ती विशाखापट्टणमजवळ बुडाली. त्याच दिवसापासून विक्रांतवरची विमाने चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले करू लागली. म्हणजे उंबऱ्यावर उभ्या असलेल्या त्या बाईची भीती पोकळ नव्हती.

आम्ही पुन्हा विचारले, "आणखी काय?"

"आणखी म्हणजे... निघताना आबा प्रत्येक वेळी मला एक काम सांगून जायचे. एका वर्षी माडाची पाच रोपं दिली, जगव म्हणाले. एका वर्षी तुळशीपुढचा दिवा. एका वर्षी हरिपाठ तोंडपाठ करायला सांगितला. परत आले की पेटी उघडायच्या आधी, खाऊ द्यायच्या आधी, ते काम बघायचे. पाचातला एक माड मेला होता तर रागावले नाहीत. खड्डा उकरून बघितला, कशानं मेला ते दाखवलं, आणि नवं रोप लावलं. ते चार माड अजून आहेत." एवढे बोलून ते गप्प बसले. मग आपणच म्हणाले, "महाराज, म्हणजे मी वाढलो तो त्या कामांवरच की हो!"

आम्हांला यावर वेगळे काही सांगण्याची गरज उरली नाही. एकादशीची पत्रे ही आईच्या पायांखालची वीट, आणि ती सांगितलेली कामे ही मुलाच्या पायांखालची.

लहानपणी पाठशाळेत तैत्तिरीय उपनिषद शिकताना मनात ठसलेली एक गोष्ट येथे आठवते. आपल्या नौदलाचे बोधवाक्य याच उपनिषदातून घेतले आहे. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी ते सुचवले. समुद्राचा स्वामी वरुण आम्हांस कल्याणकारी होवो, असा त्याचा भाव आहे. ज्या शांतिपाठात वरुणाची ही प्रार्थना आहे, त्याच शांतिपाठात पुढे विष्णूचीही आहे. तेव्हा समुद्रावर गेलेला वारकरी काही परक्या दैवताच्या राज्यात गेला असे नाही. त्याच शिक्षावल्लीत, गुरुगृहातून निघणाऱ्या शिष्याला माता, पिता, आचार्य आणि अतिथी यांना देव मानण्याचा उपदेश आहे. पण याहून मोठी गोष्ट पुढे भृगुवल्लीत आहे. तेथे हा वरुण स्वतःच पिता होऊन येतो.

वरुणाचा मुलगा भृगू. तो बापाकडे गेला आणि म्हणाला, भगवन्, मला ब्रह्म शिकवा. बापाने काय केले? ज्यापासून ही भूते जन्मतात, ज्याने जगतात आणि ज्यात परत जातात ते ब्रह्म, एवढी खूण सांगितली आणि म्हटले, जा, तप कर आणि जाणून घे. मुलाने तप केले, अन्न हेच ब्रह्म असे त्याला वाटले, आणि तो बापाकडे परत आला. बाप पुन्हा म्हणाला, तप कर. मग प्राण, मग मन, मग विज्ञान. चार वेळा मुलगा परत आला आणि चारही वेळा वरुणाने त्याला तपाकडेच धाडले. पाचव्यांदा आनंद हेच ब्रह्म असे त्याने जाणले, आणि मग परत येऊन विचारण्याचे कारणच राहिले नाही. या विद्येला भार्गवी वारुणी विद्या म्हणतात. नाव मुलाचेही आणि बापाचेही.

वरुणाला उत्तर ठाऊक नव्हते काय? होते. पहिल्याच दिवशी सांगता आले असते. पण बापाने उत्तर दिले असते तर ते बापाचे राहिले असते. तप दिले म्हणून उत्तर मुलाचे झाले. तरीही हे ध्यानात ठेवा की, मुलगा जितक्या वेळा आला तितक्या वेळा बाप तेथे होता. "मला वेळ नाही" असे तो एकदाही म्हणाला नाही. दूर धाडणे आणि परत आल्यावर विचारपूस करणे, ही दोन्ही मिळून पितृत्व होते. आबा पेटी उघडण्याआधी माड पाहत, यात आम्हांस वरुणाचीच रीत दिसते.

येथे कोणी विचारील, जो परत आलाच नाही त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात आपली खुकरी ही युद्धनौका शत्रूच्या पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला हे इतरांना बाहेर काढण्याची खटपट करीत अखेरपर्यंत नौकेवरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. दीवच्या किनाऱ्यावर त्यांचे स्मारक आहे. त्या १९४ जणांतले कितीतरी कोणाचे ना कोणाचे बाप होते. त्यांची वाट पाहणारी घरे अजून आहेत. त्या घरांना "तुमचा माणूस अमर झाला" एवढे म्हणून आपण सुटलो, असे समजणे कोडगेपणाचे होईल. पण एवढे मात्र म्हणता येते. पुंडलिकाची सेवा पुरी झाली आणि तो उठून दाराशी आला, असे कोणत्याही कथेत नाही. देव अजून विटेवर उभाच आहे. जो परतला नाही, त्यानेही जाण्याआधी लेकरासाठी जे काही ठेवले असेल, एखादे पत्र, एखादी सवय, एखादा शब्द, ते त्या लेकराला जन्मभर पुरते. वीट लहानच असते. तिच्यावर अठ्ठावीस युगे उभे राहता येते.

आता आबांची शेवटची गोष्ट सांगतो, कारण तिच्यावाचून हा विचार अपुरा राहील. निवृत्त झाल्यावर वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी आषाढीची वारी केली. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत, सुमारे अडीचशे किलोमीटर, खांद्यावर पताका. मग त्यांच्या पत्नीला पक्षाघात झाला. उजवे अंग गेले, वाचा गेली. त्या वर्षी आबा दिंडीत दिसले नाहीत. पुढच्या वर्षीही नाहीत. अशी नऊ वर्षे गेली. दिंडीतल्या काहींनी कुजबुज केली की, आबांची वारी चुकली, गळ्यातल्या माळेला बोल लागला. घरात सून होती, मुलगा होता, पैसे देऊन बाई ठेवता आली असती. पंधरा-वीस दिवसांचा तर प्रश्न!

वारकऱ्याला वारी चुकणे म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही. म्हणून ही कुजबुज आम्ही हसण्यावारी नेत नाही. नेम हा नेम असतो, आणि सबबी सांगून नेम मोडणारे पुष्कळ असतात. आम्ही त्या वाटेने गेलो तेव्हा मुद्दाम आबांच्या घरी उतरलो. ते पत्नीला चमच्याने पेज भरवीत होते. आम्ही काही विचारण्याआधीच म्हणाले, "महाराज, हिला मी बावीस वर्षं उंबऱ्यावर उभी ठेवली. आता विठोबा थोडा थांबेल. त्याला थांबायची सवय आहे."

सज्जनहो, याला वारी चुकणे म्हणायचे की वारीच्या मुळाशी पोचणे म्हणायचे, हे तुम्हीच ठरवा. आमचा निर्णय झाला आहे. ज्या कारणासाठी देव पंढरपुरास आला आणि ज्या कारणासाठी तो तेथे थांबला, तेच कारण त्या घरात घडत होते. पंढरपूरची सारी वाट पुंडलिकाच्या घराकडे जाते. त्या घरातली सेवा चालू असताना आबांनी उठून वाट धरायची ती कशासाठी? पूर्वी देशाच्या सेवेसाठी त्यांनी पत्नीला थांबवले, आणि थांबणारीच्या पायांखाली एकादशीची पत्रे ठेवली. पुढे पत्नीच्या सेवेसाठी देवाला थांबवले, आणि देवासाठी काय ठेवले? त्यांच्या मुलाने सांगितले की, त्या नऊ वर्षांत पालखीच्या प्रस्थानापासून आषाढी एकादशीपर्यंत आबा दररोज पहाटे आईला हरिपाठ ऐकवीत. आईला बोलता येत नसे, पण डावा हात अंथरुणावर टाळासारखा हलत असे. देवाला ही वीट पुरली नसेल असे आम्हांस वाटत नाही.

मग पित्याचे स्मरण कसे करावे? तिलोदक द्यावे, पिंड द्यावा, ही शास्त्राची रीत. ती टाकू नये. त्याची पदके काचेच्या पेटीत ठेवावी, ४ डिसेंबरला नौदल दिनाच्या दिवशी त्याच्या तसबिरीला हार घालावा, हेही योग्यच. पण एवढ्यावर थांबू नये. बाप प्रेमळ होता असे चार लोकांत म्हटल्याने श्रद्धा येत नाही, आणि तो घरी नव्हता हे मनात धरून बसल्याने सत्यही हाती लागत नाही. त्याने आपल्या पायांखाली काय ठेवले होते ते शोधावे. शोधताना न्यायाने शोधावे. काही घरांत वीट सापडणारही नाही. तेथे ती सापडली असे खोटे म्हणू नये. ज्याच्या पायांखाली वीट नव्हती, त्याने चिखलात उभे राहून काय सोसले हे त्याला ठाऊक असते, आणि म्हणूनच पुढच्यासाठी वीट ठेवण्याचा अधिकार त्याला अधिक आहे.

माउली ज्ञानोबारायांचेच पाहा. ज्याच्या संन्यासापायी त्यांनी बाळपणी अनन्वित छळ सोसला, त्या बापाचे नाव विठ्ठल आणि आईचे रुक्मिणी. पुढे आपल्या अभंगांच्या मुद्रिकेत ते रखुमादेवीच्या वराला, विठ्ठलाला, बाप म्हणत राहिले. देवाच्या नावात आईबापांची नावे अशी मिसळून गेली की ती वेगळी काढता येत नाहीत. राग धरायचा तर त्यांना किती जागा होती! पण त्यांनी बापाचे नाव देवाच्या नावात ठेवून जगाला दिले. पितृऋण फेडण्याची याहून मोठी रीत आम्हांस ठाऊक नाही.

राहता राहिला आजच्या बापांचा विचार. आज मनुष्य सातासमुद्रापार असला तरी भ्रमणध्वनीवर लेकराचा चेहरा दिसतो, हाक मारता येते. ही सोय आहे, आणि सोयीला आम्ही नावे ठेवीत नाही. पण तीन हातांवर बसलेला बाप त्याच यंत्रात डोके घालून बसलेला, आणि लेकरू शेजारी उभे, हेही आम्ही घरोघर पाहतो. आबा हजार कोसांवर होते आणि लेकराच्या माडाला पाणी पडले की नाही याची त्यांना चिंता होती. हा बाप घरात आहे आणि लेकरू चिखलात उभे आहे. दूर कोण आणि जवळ कोण, याचा हिशेब अंतरावर होत नसतो.

आबांचे गृहस्थ झालेले चिरंजीव जाताना म्हणाले, त्यांचा मुलगा आता मालवाहू जहाजावर आहे आणि नातू चौथीत शिकतो. "पोराला सांगतो," म्हणाले, "पुढच्या खेपेला निघताना नातवाला एक काम देऊन जा. आणि परत आलास की आधी ते बघ." पितृऋणाचा हप्ता त्याच क्षणी फिटू लागला, असे आम्ही मानतो.

प्रत्येकाने आपापल्या बापाने ठेवलेली वीट शोधावी, तिच्यावर नीट उभे राहावे, आणि आपल्यासाठी थांबलेल्याच्या पायांखाली एक वीट ठेवून मगच आपल्या कामाला जावे, एवढीच विनंती. रामकृष्णहरी.